मिस्त्रीजींनी सांगून ठेवलेली फुलं

मिस्त्रीजी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा ताईला वाटलं, गुरुद्वारातल्या कुठल्यातरी पाठासाठी हार सांगायला आले असतील. गुरुद्वारा दोन गल्ल्या पलीकडे होता, आणि ग्रंथसाहिब ज्या लाकडी पालखीत ठेवतात तिचे हार ताईच्या वडिलांपासून याच दुकानातून जात होते. तिथली माणसं तिला तोंडओळखीची होती, हे मात्र नवीन होते. उंच, किंचित पोक आलेले, पांढरीशुभ्र दाढी, आकाशी पगडी, आणि पगडीच्या घडीत कानापाशी खोचलेली सुताराची चपटी पेन्सिल.

"अंत्यसंस्काराचे फूल पाहिजेत," ते म्हणाले.

ताईने वही पुढे ओढली. अशा वेळी कसं बोलायचं ते तिला तीस वर्षांत जमलं होतं. आवाज खाली ठेवायचा, प्रश्न मोजके विचारायचे.

"कोण गेलं?"

"अजून कोणी नाही. मी जाणार आहे."

मागच्या खोलीत वहिनी हार ओवत बसली होती. तिची सुई जागच्या जागी थांबल्याचं ताईला इकडे कळलं.

"कधी?" ताईच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

"ते विचारून सांगतो," मिस्त्रीजी म्हणाले. हसले नाहीत, पण दाढी थोडी हलली.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलगा परदेशात. तो विमान पकडून येईपर्यंत त्याने तिथूनच फोनवर फुलं सांगितली, कुठल्याशा मोठ्या दुकानात. आलं ते भलंमोठं चक्र, लालभडक गुलाबांचं, करकरणाऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्यांच्यात अशा वेळी कोणी लाल आणत नाही, पण ते एक असो. चक्रावरच्या सोनेरी पट्टीवर लिहिलं होतं, ‘लाडक्या आजोबांस’. दुसऱ्याच कुणाची पट्टी तिच्या फुलांवर येऊन बसली होती. अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, चालू झाली, सगळे हात जोडून उभे, आणि वरच्या पंख्याने ते प्लास्टिक करकर करत राहिलं. "चाळीस वर्षं संसार केला तिने माझ्याशी," मिस्त्रीजी म्हणाले, "आणि शेवटच्या वेळी आम्ही सगळे त्या प्लास्टिककडे बघत होतो. माझ्या वेळी असं नको. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो."

ताईने लिहून घेतलं. चक्र नको. लाल नको. प्लास्टिक नको. पट्टी नको. अंगावर घालायला पांढऱ्या शेवंतीची चादर, लांबी सहा फूट.

"सहा फूट एक इंच होतो मी," मिस्त्रीजी म्हणाले. "आता आखडलो आहे. पाच अकरा धरा."

ते गेल्यावर वहिनी हातातला अर्धा हार घेऊनच बाहेर आली. "वन्सं," ती म्हणाली, "या गिऱ्हाइकाची डिलिव्हरी कुठल्या तारखेला टाकलीत?"

ताईने तारखेची जागा कोरी सोडली होती.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला मिस्त्रीजी पुन्हा हजर. त्यांनी विचार केला होता. नुसती शेवंती फार रिकामी दिसेल, कडेने निशिगंध हवा. ताईने खोडून नवीन लिहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी निशिगंध रद्द झाला. बंद खोलीत त्याच्या वासाने लोकांची डोकी दुखतील, आणि मग ते मिस्त्रीजींची आठवण काढतील ती डोकं धरून. मग झेंडू आला. मग झेंडूतला केशरी गेला आणि पिवळा राहिला. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की पिवळा झेंडू दुसऱ्या दिवशी काळा पडतो, तेव्हा त्याची चौकशी करायला ते खास आले. ताईने पाण्याच्या बादलीतला कालचा झेंडू काढून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, लाकडाची गाठ पाहावी तसा.

"हा फूल चांगला आहे," ते म्हणाले.

चाळीस वर्षं इथे काढून त्यांची भाषा पक्की झाली होती, फक्त फूल त्यांच्या तोंडी कायम पुल्लिंगी. हा शेवंती, तो जाई. ताईने पहिल्यांदा दुरुस्त केलं, दुसऱ्यांदा ओठावर आलेलं गिळलं, आणि नंतर एकदा बाजारात घाऊकवाल्याला स्वतःच म्हणाली, "हा शेवंती ताजा नाहीये." घाऊकवाला तिच्याकडे बघतच राहिला.

दुकानात ताई आणि वहिनी दोघीच. ताईचा मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी ओवायचं बघायची आणि ताई बाजार, गिऱ्हाईक, सजावट. ताईचं लग्न राहून गेलं होतं. ठरवून नाही. एक स्थळ आलं तेव्हा आई आजारी होती, दुसरं आलं तेव्हा वडील, आणि तिसरं यायच्या वेळी दुकानाच्या पाटीवर तिचं नाव लागलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या बाईला त्याचं रोज काही वाटत नाही. जगभरच्या नवऱ्या मुलींच्या वेण्या तिने गुंफल्या होत्या आणि जगभरच्या म्हाताऱ्यांची शेवटची फुलं. सगळे तिला ताई म्हणायचे. दाढीला कलप लावणारे साठीचे गृहस्थसुद्धा.

"एक गंमत तुमच्या लक्षात आलीय का?" एकदा सुईत दोरा घालता घालता वहिनी म्हणाली. "अख्खं गाव तुम्हाला ताई म्हणतं. हे मिस्त्री तेवढे मालकीणबाई म्हणतात."

"मग मालकीण नाही का मी?"

"आहात की. आणि माणूस आपल्याच मरणाची फुलं सांगायला दर गुरुवारी दाढी विंचरून येतो, तेही मला दिसतं. तुम्ही गुरुवारी ती निळी साडी नेसता, तेही."

"निळ्यावर पाण्याचे डाग दिसत नाहीत," ताई म्हणाली. वहिनीने दोरा नको तितक्या सावकाश ओढला.

मिस्त्रीजी आयुष्यभर सुतारकाम करत आले होते. दारं, कपाटं, जिने. गुरुद्वारातली ती पालखीही त्यांचीच. हे ताईला कळलं ते अखंड पाठाच्या सकाळी. अखंड पाठ म्हणजे ग्रंथसाहिबाचं वाचन न थांबता दोन दिवस आणि दोन रात्री; वाचणारे बदलतात, वाचणं चालू राहतं. तो सुरू व्हायच्या आधी उजाडताना जाऊन हार बांधायचे, एवढंच ताईचं काम. इतकी वर्षं ती डोक्यावर पदर घेऊन मागच्या दाराने आत जायची, हार बांधायची, माणसं यायच्या आत परत. त्या दिवशी मिस्त्रीजी शिडी धरून उभे होते.

"हा खांब मी तीन वेळा केला," ते खालून म्हणाले. "दोन वेळा मनासारखा नाही झाला."

ताईने खांबावरून हात फिरवला. इतकी वर्षं ती या लाकडाला हार बांधत होती आणि त्याच्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. एकही खिळा दिसत नव्हता.

"कुठे नाव नाही घातलंत?"

"तुम्ही हारात घालता का?"

ती हसली. खाली बघितलं तर तेही हसत होते, टाचण्यांची डबी दोन्ही हातांत धरून. त्यांनी एकेक टाचणी काढून वर द्यायची आणि तिने ती घ्यायची, असं तासभर चाललं. टाचणीचं टोक दर वेळी त्यांच्याकडे असायचं, डोकं तिच्याकडे.

"आमचे पाठ वाचणारे ग्रंथी म्हणतात, गेलेल्या माणसाला फूल कशाला पाहिजे," काम संपत आलं तेव्हा मिस्त्रीजी म्हणाले. "बरोबरच बोलतात. गेला तो गेला, वरच्या मालकाची मर्जी. पण जे बसलेले असतात त्यांनी डोळे कुठे ठेवायचे? भिंतीकडे किती वेळ बघणार? म्हणून फूल पाहिजे."

दुकानात परत येताना ताईला वाटलं, आपण तीस वर्षं हा धंदा केला आणि कशासाठी केला ते आज कुणीतरी सांगितलं.

त्यानंतरच्या गुरुवारी ती टेबलावर वाकून हार जुळवत होती आणि मिस्त्रीजी बराच वेळ नुसते पाहत होते.

"हा टेबल तुमच्या उंचीचा नाही," ते म्हणाले. "कंबर दुखते?"

"वडिलांचं आहे. ते बुटके होते."

त्यांनी खिशातून घडीची फूटपट्टी काढली. "सरळ उभ्या राहा. कोपर मुडपा."

ताई उभी राहिली. मिस्त्रीजींनी पट्टी उलगडली, एक टोक जमिनीवर टेकवलं आणि दुसरं तिच्या कोपरापर्यंत आणलं. पट्टी आणि कोपर यांच्यात दोन बोटांचं अंतर होतं, आणि ते अंतर त्यांनी शेवटपर्यंत तसंच राखलं. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. त्यांनी पगडीतली पेन्सिल काढली, आकडा पट्टीवरच टिपला आणि वाकलेले गुडघे धरून उठले. हे सगळं मिनिटभरात झालं असेल. ताई दिवसभर चुकीच्या रंगाचा दोरा वापरत राहिली.

टेबल पंधरा दिवसांत आलं. ताईची कंबर दुखायची थांबली.

असं पावणेदोन वर्षं चाललं. ऑर्डर नऊ वेळा बदलली. मग एका मंगळवारी मिस्त्रीजी आले, आणि मंगळवार आहे म्हटल्यावर ताईने हातातला हार खाली ठेवला.

मागच्या आठवड्यात ते न्हाणीघरात घसरले होते. फार लागलं नव्हतं, पण शेजाऱ्याने परदेशात फोन केला आणि मुलगा आला. आता घराला कुलूप लावून तो त्यांना घेऊन जाणार होता. शनिवारचं विमान.

"चांगलं आहे," ताई म्हणाली. "मुलाजवळ असावं."

"हो. नातू आहे, नात आहे. चांगलं आहे."

दोघंही टेबलाकडे बघत होती.

"तिकडे फूल कोण करणार, मला माहीत नाही," मिस्त्रीजी म्हणाले. "तुम्ही एका कागदावर लिहून द्या. मी खिशात ठेवतो. मुलगा आता ऐकायला तयार नाही, बाबा असं बोलू नका म्हणतो. पण कागद असला म्हणजे बरं."

ताईने कागद घेतला. पिवळा झेंडू, पांढरी शेवंती, लांबी पाच फूट अकरा इंच, चक्र नको, लाल नको. खाली दुकानाचा नंबर घातला. तिचं अक्षर चांगलं होतं, पण त्या दिवशी ओळी वर वर चढत गेल्या. कागद देताना तिला वाटत होतं, आता काहीतरी बोललं पाहिजे. न जाण्याविषयी नाही. तेवढा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. नुसतं एवढंच सांगायचं होतं की गुरुवार आला की मी बादल्या लवकर भरते. पण असं वाक्य माणूस भर सकाळी, दुकानाचं दार उघडं असताना, कसं बोलतो ते ती कधी शिकली नव्हती.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली.

"करतो, मालकीणबाई."

ते दाराशी क्षणभर थांबले, चौकटीवर बोट फिरवलं, "दमट हवेने फुगली आहे, घासून घ्यायला पाहिजे," असं म्हणाले, आणि गेले.

फोन यायला तीन आठवडे लागले. सकाळचे साडेदहा, गुरुवार. त्यांच्याकडे पहाट होती. वहिनीने फोन उचलला, ऐकलं, आणि ताईच्या हातात देऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली, कधी नव्हे ती.

"लिहा," मिस्त्रीजी म्हणाले. "झेंडू काढून टाका. इथे झेंडू मिळत नाही."

"मग काय घालू?"

"बघतो. इथले फूल मोठे आहेत, पण वास नाही. मुलाच्या घरात सगळं चांगलं आहे. दारं पोकळ आहेत. ठोकलं की डब्यासारखी वाजतात."

दोन-तीन आठवड्यांनी असा एक फोन यायचा. ते काहीतरी बदलायला सांगायचे, ती लिहून घ्यायची. मग ती सांगायची की वहिनीला चष्मा लागला, गुरुद्वाराच्या पायऱ्यांना नवीन फरशी बसली, चौकट अजून फुगलेलीच आहे. ते विचारायचे, टेबल हलतं का? ती म्हणायची, नाही. टेबल हललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला फोन ठेवल्यावर वाटायचं. बोलायला आणखी काहीतरी मिळालं असतं. गुरुवारी ती साडेदहाला फोनजवळचं काम काढून बसायची. आणि फोन आला नाही की दुपारी जेवताना वहिनी उगाच बाजारभावाचा विषय काढायची.

पुढे फोन लांबत गेले. आवाज बारीक झाला. एकदा मधेच त्यांनी तिला विचारलं, "कोण बोलतंय?" आणि लगेच सावरून म्हणाले, "हां, लिहा." पण काय लिहायचं ते सांगितलं नाही.

शेवटच्या फोनला मात्र ते अगदी पहिल्यासारखे बोलले.

"वही आहे समोर?"

"आहे."

"सगळं खोडा."

"सगळं?"

"सगळं. मी फार वेळा बदललं. आता तुम्ही ठरवा. तुम्हाला जो बरा वाटेल तो फूल."

ताईने खोडलं नाही. पेन हातात धरून ती म्हणाली, "मिस्त्रीजी, तुमच्याशिवाय गुरुवारी करमत नाही."

लाइन खरखरत होती. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग ते म्हणाले, "इथे तर कुठला वार आहे तेसुद्धा मला कोणी सांगत नाही. तुमचा फोन असतो म्हणून गुरुवार कळतो."

"फोन तुम्ही करता."

"मीच करतो," ते म्हणाले. "मुलाला विचारून करतो. आज गुरुवार आहे का म्हणून."

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. मिस्त्रीजी जाऊन बारा दिवस झाले होते. झोपेतच गेले. अंत्यसंस्कार तिथेच झाला, फुलं तिथल्याच लोकांनी आणली, मोठ्या पांढऱ्या लिली. नंतर कोटाच्या खिशात कागद सापडला.

"आंटी, मला माहीत नव्हतं," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बापासारखाच होता, फक्त घाईत असलेला. "बाबा म्हणायचे फुलांचं मी सांगून ठेवलंय. मला वाटलं, वयामुळे काहीतरी बोलतात. दर गुरुवारी विचारायचे, आज गुरुवार का."

"लिली चांगल्या असतात," ताई म्हणाली. "पांढऱ्या होत्या ना?"

"हो."

"मग झालं."

मुलाने सांगितलं की इथल्या गुरुद्वारात, त्यांच्या जुन्या लोकांत, त्यांच्यासाठी पाठ ठेवलाय, अखंड नव्हे, रोज थोडा थोडा. रविवारी समाप्ती. त्याला येता येणार नव्हतं. तेवढी फुलं ती करील का?

शनिवारी ताई उजाडायच्या आत बाजारात गेली. वही पिशवीत होती, पण ती तिने उघडली नाही. घाऊकवाल्यांच्या रांगांतून ती तीन वेळा इकडून तिकडे गेली. शेवंती पाहिली, नुसती ती रिकामी दिसेल असं ते म्हणाले होते. निशिगंध डोकं दुखवणारा. झेंडू तिकडे न मिळणारा. एकेका फुलापाशी त्यांचं एकेक वाक्य उभं होतं, आणि तिला उमगलं की त्यांना कुठलं फूल आवडायचं हे तिला आजही माहीत नाही. त्यांनाही कुठे माहीत होतं. शेवटी तिने ते विचारायचंच सोडून दिलं आणि स्वतःला विचारलं, रविवारी दोन तास बघत बसायचं असेल तर तुला काय बघायला आवडेल? मग हात आपोआप गेले. बारीक पांढरी शेवंती, तिच्यात फिकट पिवळी, आणि पाला भरपूर, हिरवागार, ओला.

दुकानात आल्यावर ती आणि वहिनी संध्याकाळपर्यंत ओवत बसल्या. वहिनी एरवी ओवताना दहा घरच्या गोष्टी सांगते. त्या दिवशी तिने एकच गोष्ट सांगितली.

"उद्या हार बांधून परत येऊ नका. बसा तिथे. दुकान मी बघते."

"मी काय म्हणून बसू?"

"ज्यांच्यासाठी फुलं असतात म्हणून मिस्त्री सांगायचे ना, त्यांच्यातली एक म्हणून," वहिनी म्हणाली, आणि संपत आलेल्या दोऱ्याला गाठ मारली.

रविवारी ताईने हार बांधले. शिडी धरायला एक सेवेकरी होता. टाचण्या तिने तोंडात धरल्या. खांबांना हार लावताना तिने लाकूड झाकलं जाणार नाही अशी जागा सोडत नेली, त्यामुळे वेळ लागला. माणसं यायला लागली तेव्हा ती मागच्या दाराकडे वळली, आणि वळून थांबली. पदर सारखा केला आणि बायकांच्या बाजूला, भिंतीजवळ, मांडी घालून बसली.

शेवटची पानं वाचली जात होती. तिला शब्द कळत नव्हते. तिने डोळे फुलांवर ठेवले. पंख्याच्या वाऱ्याने पाला थोडा हलत होता, आवाज होत नव्हता. अरदासेला सगळे उठले तशी तीही उठली. त्यात मिस्त्रीजींचं पूर्ण नाव घेतलं गेलं, जे तिने पावणेदोन वर्षांत वहीत कधी लिहिलं नव्हतं, आणि तेव्हा मात्र तिला आवरेना. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने आपल्या ओढणीचं टोक पुढे केलं, ताईने ते घेतलं.

दुपारी ती दुकानात आली तेव्हा वहिनी दोन गिऱ्हाइकांना एकदम तोंड देत होती. गिऱ्हाइकं गेल्यावर वहिनीने विचारलं, "कसं झालं?"

"डावीकडचा हार एक वीत लांब झाला," ताई म्हणाली. "बाकी चांगलं झालं."

वहिनीने तिच्यासमोर ताट ठेवलं आणि ती जेवेपर्यंत जवळ बसून राहिली.

गुरुवार येतच राहिले. साडेदहा वाजले की ताईचं लक्ष फोनकडे जायचं, आणि जाऊ दे म्हणून ती त्याला अडवायची नाही. पुढच्या रविवारी सकाळी ती निळी साडी नेसली, वहिनीला जाते म्हणून तिने सांगितलं आणि गुरुद्वाराची वाट धरली. या वेळी कुणाची ऑर्डर नव्हती आणि तिच्या हातात एकही फूल नव्हतं. ती पुढच्या दाराने आत गेली. भिंतीजवळ बसलेल्या बायकांनी तिला पाहिलं, आणि थोडं सरकून जागा करून दिली.